बांधावरचा हिवर

औरंगाबाद, २७ सप्टेंबर १९८३

चि. काकासाहेब, तुला व द्वारकाला आशीर्वाद.

काल, सोमवारी सकाळी ठीक अकरा वाजता, मी जिथं जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं त्या कॉलेजात नव्या विभागप्रमुखांनी माझ्यादेखत आपल्या बांधावरच्या फांदीच्या नमुन्यावरचं ‘हिवर’ हे नाव खोडून ‘शमी’ लिहिलं. वर म्हणतात, “बाई, तुमचे बंधूच दसऱ्याला शमी म्हणून पुजतात. तेच बोलले.”

बोललास तू?

पानं सारखी दिसतात, म्हणून तर परागकण पाहायचे! हिवराचे कण बाभळीसारखे एकमेकांना चिकटून गोळा झालेले असतात, आपल्या एकत्र कुटुंबाच्या खटल्यासारखे. शमीचे सुटे सुटे. त्या गृहस्थांनी सूक्ष्मदर्शकाला डोळासुद्धा लावला नाही. आता मुलं हेच चुकीचं शिकणार.

माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब वाढलाय तो रागानं. द्वारकाचा गुडघा कसा आहे?

पूजा खुशाल कर, देवाची तक्रार नाही. पण हिवराची ताजी फुलं कागदात गुंडाळून पाठव आणि सोबत स्वतःच्या सहीनं लिही : ‘वैजापुरात शमी मिळेना, म्हणून आम्ही हिवर पुजतो.’ ८ ऑक्टोबरच्या आत लेखी उत्तर आलं नाही, तर यंदा दसऱ्याचं सोनं घ्यायला मी घरी येणार नाही.

तुझी संतापलेली,
अक्का