खिडकीतला चष्मा

ता. ३ जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझे गुडघे ठीक आहेत, शिवणाचं कामही पुष्कळ आहे. पण एक विचित्र प्रकार चाललाय. गेल्या आठवड्यात माझी मोठी कात्री दिसेनाशी झाली. संध्याकाळी समोरच्या शाळेतली दोन वेण्यांची मुलगी ती घेऊन दारात हजर. म्हणाली, कोपऱ्यावरच्या नळापाशी सापडली, तुम्ही विसरला असाल. मग मोजपट्टी गेली, मग चष्मा. दर वेळी तीच पोरगी आणि तेच गोड हसू.

आता तूच सांग, नळावर मी कात्री कशाला नेईन? आधी मला पलीकडच्या शिंप्याचा संशय आला. माझ्या गिऱ्हाइकांवर त्याचा कधीपासून डोळा आहे. पण चोरायचं आणि परत पाठवायचं, एवढा उपद्व्याप तो करणार नाही. दाल में कुछ काला आहे एवढं नक्की.

प्रकृतीला जप, आणि आठवण ठेव.
तुझी ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून काळजात चर्र झालं. तू रागावशील, पण औषधांच्या दुकानात उभा जन्म गेला माझा. वस्तू कुठे ठेवल्या ते न आठवणं आणि मग दुसऱ्यांवर संशय घेणं, ही सुरुवात अशीच होते. उद्या गॅस चालू ठेवून बाहेर गेलीस तर? सोबत स्मरणशक्तीच्या गोळ्यांची बाटली पाठवतोय, जेवणानंतर घेत जा.

तुझ्या घरमालकांशी मी फोनवर बोललोय. खोली महिनाअखेरीस सोडायची. शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. माझी वरची खोली झाडून ठेवलीय. ही गेल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. हट्ट करू नकोस.

लोभ आहेच, तो रागातही राहू दे.
तुझा भाऊ

ता. १५ जुलै

चि. भाऊस,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडूनच.

मला न विचारता घरमालकांशी बोललास? ज्या खोलीत मी तीस वर्षं मशीन चालवलं, ती तू फोनवर सोडून मोकळा झालास? तुझी बाटलीसुद्धा हरवली, आणि त्याच पोरीने आणून दिली. खरं सांग, तिला तूच फितवलं नाहीस ना?

हे लिहिलं खरं, पण मनातली भीती वेगळीच आहे. काल एका शर्टाची डावी बाही उजवीकडे लावली. ती उसवून पुन्हा लावली. भाऊ खरं बोलत असेल तर, या विचाराने जेवण गेलं नाही.

म्हणून आज ट्रंकेतून यांचा जुना चष्मा काढला. हे गेल्यापासून तो घराबाहेर गेलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. खिडकीत ठेवलाय. तोही रस्त्यावर सापडला, तर डोकं माझं फिरलेलं नाही. बघू या.
ताई

ता. १८ जुलै

चि. भाऊस,
अनेक, अगदी भरभरून आशीर्वाद.

चष्मा बसथांब्यावर सापडला म्हणे! मी पोरीला आत घेतलं आणि तो कुणाचा ते सांगितलं. ती रडायलाच लागली. वर्गात बाईंनी सांगितलंय, रोज कुणाचं तरी एक भलं काम करायचं आणि सकाळी उभं राहून सांगायचं. हिने एका आजोबांना रस्ता ओलांडायला हात दिला, ते खेकसले. वाण्याचं पोतं उचलायला गेली, त्याला वाटलं चोरतेय. मदत घ्यायला कुणी तयारच नाही, म्हणून खिडकीतून माझ्या वस्तू उचलून मलाच परत द्यायला लागली. त्यापायी माझं घर जाणार होतं, हे त्या बिचारीच्या गावीही नव्हतं.

मला राग यायला हवा होता. पण डोकं शाबूत आहे या आनंदात मीही तिच्याबरोबर रडले. मग तिला म्हटलं, काही पळवू नकोस, रोज येऊन माझ्या सुया ओवून दे. वर्ष झालं, मला दोरा दिसत नाही. हे मी तुलासुद्धा सांगितलं नव्हतं.

घरमालकांना मी सांगून आलेय, खोली सोडत नाही. टेम्पो रद्द कर. आणि भाऊ, माझी काळजी वाटते म्हणून मला तिकडे नेणार होतास, की तुला तिथे करमत नाही म्हणून? तसं असेल तर सरळ लिही. माझं डोकं बिघडायची वाट कशाला पाहायची?
तुझी शहाणी ताई

ता. २२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेम्पो रद्द केला. घरमालकांची माफी मागितली, तुझीही मागतो.

करमत नाही, ताई. दुकान बंद करून घरी येतो आणि कुलूप हातात धरून ओट्यावरच बसून राहतो. रविवारी एकटाच येतो, पिशवी घेऊन. आठवडाभर ठेवून घे. तुझ्या सुया मी ओवीन, पोरीला एखादा दिवस सुट्टी दे.

भेटीची ओढ आहे, तुलाही असू दे.
तुझा भाऊ

ता. क. गोळ्यांची ती बाटली टाकू नकोस. या महिन्यात दुकानाची किल्ली मी दोनदा कुठेतरी विसरलो, आणि इथे आणून देणारं कुणी नाही.