दादाचं पान

सोमवार, ता. १४

प्रिय वहिनी,

रोज फोनवर बोलणाऱ्या बाईला पत्र लिहिताना हसू येतंय. पण फोन केला की तू मध्येच "जेवलीस का गं?" विचारशील आणि मी गप्प होईन. म्हणून कागद.

आईचा गुडघा तसाच आहे, जीभही तशीच. छोटीचा पुढचा दात पडला म्हणालीस, फोटो पाठव.

मी दिवसभर वाचनालयात बसून काय करते, असं तू विचारलं होतंस. पूर ओसरल्यावर बेपत्ता माणसांसाठी आम्ही संगणकावर विकी सुरू केला, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता येणारी वही. पण लोक मनाला येईल तसं लिहायचे. प्रत्येक आईचं एकच: "उंच, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात." अशाने माणूस सापडतो होय? मग मी साचा बनवला आणि तो भरायला फॉर्म: उंची, दात, जुन्या जखमा, अंगावरचे कपडे. दवाखाने आणि निवारेही सापडलेल्यांची माहिती त्याच रकान्यांत भरतात. रकाने जुळले की दोन्ही पानं शेजारी येऊन उभी राहतात. रडायला त्यात रकाना नाही, पण माणसं घरी पोचतात.

गुरुवारी दादाचं पान वर आलं.

मला वाटलं, चूक. "मृत, ओळख पटली" लिहून ते आपण केव्हाच बंद केलं होतं. पण बंद केलेली पानं जुळणीतून वगळायची राहिली होती. शेजारी नदीपलीकडच्या निवाऱ्यातला एक माणूस होता. डाव्या करंगळीचं टोक नाही, भुवईत टाक्यांची खूण, खालचा दात अर्धा. नाव भलतंच. नाव त्याने सांगितलेलं, खुणा तिथल्या नर्सने भरलेल्या.

तुला न सांगता मी गेले. वहिनी, उभी असशील तर बस.

तो पत्ते खेळत होता. अंगाने भरलाय. मला पाहून त्याने हातातली पानं पालथी ठेवली.

"तू कशी काय?"

"तुझ्या पानामुळे."

"बघितलंय मी ते. फोटो बरा टाकलास. उंची मात्र दोन बोटं जास्त लिहिलीस."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. आपण त्याला अग्नी दिला तेही त्याने वाचलं होतं.

"वहिनीला काय सांगू?" मी विचारलं.

"काही नको. मेलोय तेच बरंय. रडून मोकळी झाली असेल, आता उगाच खपली कशाला काढतेस? तसंही गॅस संपल्याशिवाय ती माझ्याशी बोलायची कुठे?" मग म्हणाला, "माझी स्कूटर वाहून गेली का गं?"

छोटीचं विचारील म्हणून मी थांबले. चहा आला, गार झाला. त्याने पत्ते पुन्हा उचलले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शर्ट बघून मीच म्हटलं होतं ना, हाच आहे म्हणून? मग हाच. पळपुट्याची आई म्हणवून घेण्यापेक्षा मेलेल्याची बरी."

मीही कदाचित गप्प बसले असते. पण एक शिवणकाम करणारी बाई रोज माझ्या टेबलासमोर येऊन बसते. नवरा पुरापासून बेपत्ता. त्याच्या पानावर कपड्यांच्या रकान्यात तिने लिहिलंय: "निळ्या चौकड्यांचा शर्ट. कॉलर विरली म्हणून मी उलटून शिवली."

आठवतं? त्या दिवशी शवागारात चेहरा-हात काहीच ओळखू येत नव्हतं. तू विचारलं होतंस, "ही कॉलर कुणी शिवली? मी तर नाही." आई म्हणाली, हिचं डोकं ठिकाणावर नाही. काकांनी तुला बाहेर नेलं. मी तुझ्या हातात पाणी दिलं आणि म्हटलं, "वहिनी, आता पुरे."

आज सकाळी त्या बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"अग्नी देताना त्यांच्यासाठी कुणी रडलं का?"

"हो. माझी वहिनी."

"खूप?"

"खूप."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. पिशवी इथेच राहिलीय.

दोन्ही पानं मी दुरुस्त केली. फॉर्ममध्ये जिवंत, मृत आणि बेपत्ता एवढेच पर्याय आहेत. दादासाठी "जिवंत" निवडावं लागलं, त्याहून वाईट शब्द मी ठेवलेलाच नाही. पत्ता मागे लिहिलाय. तिथे जायचं की वकिलाकडे, ते तू ठरव. दोन्हीकडे मी सोबत येईन. आईला विचारायचं नाही.

छोटीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तिला माझा पापा दे.

"तुझ्या नवऱ्याची बहीण" असं आधी लिहिलं होतं. खोडलं.

तुझीच,
नणंद