दोर आवळ, ईश्वर

प्रिय ईश्वर,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मित्राला चिठ्ठी लिहिणारा मास्तर एकतर प्रेमात पडलेला असतो नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. माझं दोन्ही नाही. पण तोंडी सांगायचं तर आपली तोंडं रिकामी असतात कधी? कॉलेजपासून रोज संध्याकाळी आपण तलावाच्या बांधावर, पाळीवर बसतो, तू प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतोस, अर्धा मला देतोस, आणि मग अंधार पडेपर्यंत आपली चर्चा ‘हुं’ आणि ‘अंहं’ यांवर चालते. सरकारं पडली, पोरं मोठी झाली, तेवढ्यात भागलं. आज सांगायचंय ते ‘हुं’मध्ये मावत नाही.

परवा नववीला ग्रीक पुराणातली गोष्ट शिकवली. एक राजा जहाजातून घरी निघालेला. वाटेत बेट, तिथल्या बाया अशा गातात की ऐकणारा भान हरपून पाण्यात उडी टाकतो आणि मरतो. राजानं खलाशांच्या कानांत मेण भरलं, स्वतःच्या मात्र नाही. स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि बजावलं, मी सोडा म्हणून रडलो, शिव्या दिल्या, तर दोर आणखी आवळा. राजाचं लांबलचक नाव मी फळ्यावर लिहिलं. शेवटच्या बाकानं त्याचं उदेराम करून टाकलं.

पाठाखाली प्रश्न ठरलेला: या कथेची थीम काय? कैलाशनं गाईडमधलं उत्तर म्हणून दाखवलं, मोह वाईट. मी शाब्बास म्हणून मोकळा होणार, तोच गुड्डी उठली. “सर, वाईट होता तं आयकाले कायले गेला? त्याले गानंबी पाहिजे अन् जीवबी पाहिजे!” वर्ग हसला. मी म्हटलं, मग थीम तूच सांग. म्हणाली, “त्याले सोतावर भरोसा नोयता सर. म्हनून डोकं ठिकानावर होतं तवाच सांगून ठेवलं.” तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, “सर, तुमचा मोह कोनता जी?” आणि सगळा वर्ग माझ्या खिशाकडे पाहू लागला. पन्नीचं टोक बाहेर डोकावत होतं. फळ्यावर ‘मोह’ लिहिणाऱ्या मास्तरच्या गालात त्या वेळीही ऐवज होता. मी खिडकीतून थुंकून आलो आणि व्याकरण काढलं.

आता तुला न सांगितलेली बातमी. बरेच दिवस साधं वरणही तोंडाला झोंबायचं. मागच्या आठवड्यात भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, तीन बोटं उभी तोंडात घाला. दोनच गेली. गालाचा तुकडा त्यानं तपासायला घेतला, आणि बाहेर पडल्या पडल्या मी काय केलं ते तुला सांगायला नको. दुसऱ्या गालात ठेवला, एवढीच सुधारणा. काल रिपोर्ट आला. कॅन्सर अजून नाही म्हणे, आणि डॉक्टरनं जोर दिला तो ‘अजून’वर. घरी सरिताला सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, “माहीत हाये मले. भाजीतलं तिखट दिवाळीपासूनच कमी करून राहिली मी. तोंड लहान झालं तुमचं, बोलनं काही नाही झालं.”

म्हणून ही चिठ्ठी, डोकं ठिकाणावर असतानाच. उद्या मी पाळीवर येईन आणि तुझ्याकडे मागेन. डॉक्टरनं चिमूटभर चालतो म्हटलं, असं सांगेन. तुला कंजूष म्हणेन, तुझ्या बापाचा उद्धार करेन. देऊ नको. जितका गोड बोलेन तितका दोर आवळ. आणि दोर धरणाऱ्यानं गाणं ऐकून चालत नाही, तेव्हा तुझाही खिसा रिकामा हवा. मला भीती दुखण्याची कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त वाटते: पन्नी नसली तर तू येशील ना? आलास तर दोघांची तोंडं मोकळी असतील, आणि काय बोलायचं ते मला खरंच सुचत नाही. मागे एकदा तू लेकीच्या, रीनाच्या सासरचं काहीतरी सांगत होतास. सांगता सांगता तू खर्रा घोटायचा थांबलास. मी ‘हुं’ म्हटलं आणि पिंक टाकली. ते परत सांग. तिथून सुरू करू.

दोन बोटं तोंडाचा, पण तुझाच
धनीराम