पाच लेख, एकच पुरावा

ठमे, लो-कार्ब आहारावरच्या वादविवादासाठी तू आणलेल्या सात लेखांपैकी पाचांत ‘बेचाळीस जण, बारा आठवडे’ हेच आकडे आहेत. एकाच विहिरीचं पाणी पाच घागरींत भरलंय, तेव्हा पुरावा एकच धर. कंटाळवाणा म्हणून तू टोपलीत टाकलेला लांबलचक लेख मी काढून टेबलावर ठेवलाय. संशोधनाला पैसे कोणी दिले आणि अजून काय कळलेलं नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. वर्गात तोच टिकेल.

त्याच्या नवव्या पानावर आहे की, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता पाव-भात सोडला, तर रक्तातली साखर फार उतरू शकते. बाबांनी गोळ्या चालू असतानाच पाव-भात सोडलाय, आणि गेले तीन आठवडे सकाळी अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरतात. वजन उतरल्याच्या त्यांच्या आनंदावर विरजण नको, म्हणून मी गप्प होते. आज ते पान वाचून दाखवलं. म्हणाले, “बायकोशी वाद घालता येतो, लेकीच्या पुराव्याशी कसा घालू?”

तुझं जेवण ओट्यावर झाकलंय. आम्हाला उशीर होईल. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, “आधी हा पाव खा, मग दवाखान्यात चला. डॉक्टर गोळ्यांचं ठरवतील, तोवर हे पथ्य बंद.”