बशांचं घर

१६ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे कडगंचीला. टेम्पोवाल्यानं कपाटाचं दार मोडलं, त्यावरून मी रस्त्यातच त्याची हजेरी घेतली; तेवढं सोडलं तर सगळं झकास. घर नवं, कोरडं, हवेशीर. मागच्या दारात उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर तूर. उद्यापासून कॉलेजात भूगोल शिकवायचा.

घरमालकीण नलिनीबाई शेजारच्याच घरात राहतात, मधे फक्त एक भिंत आणि वर छत सलग. निवृत्त शिक्षिका, बोलायला गोड. त्यांचे यजमान श्रीपतराव वर्षभर दम्यानं अंथरुणाला खिळलेले आहेत. भिंतीपलीकडून त्यांची धाप ऐकू येते. मागच्या बाजूला गुंडाप्पाचं घर, चार शेळ्या, आणि त्याच्या सुनेचं, अंबिकाचं, तान्हं बाळ. आमची सहा वर्षांची हर्षिता दुपारपासून आमचं दार ते बाळाची झोळी अशा धावत फेऱ्या मारते आहे. चपला कुठे टाकल्यात तिचं तिलाच माहीत नाही.

छत पाहून आलो. हवामान केंद्र इथेच बसणार. जयंती म्हणते आधी गॅस जोडा.

१९ नोव्हेंबर

केंद्र बसलं! वाऱ्याची फिरकी, पावसाचं भांडं, आणि तापमान नि दमटपणा मोजणारा बोटाएवढा सेन्सर. त्याचे आकडे खाली स्वयंपाकघरातल्या पडद्यावर येतात. घरातल्या हवेचा आकडा पडदा स्वतःच मोजतो.

सेन्सर उघड्यावर ठेवला तर उन्हानं तापून खोटं बोलतो. डब्यात कोंडला तरी खोटंच बोलतो. त्याला सावली हवी आणि वाराही हवा. विकतचं घर महाग म्हणून मी स्वतः बनवलं. कुंडीखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या बशा उपड्या, एकीवर एक, मधे बोटभर फट, मधोमध भोक पाडून सेन्सरला पोकळी, वरून पांढरा रंग. ते छतावर उभ्या पाइपवर बसवलं; गुंडाप्पानं पाइप धरला आणि जाताना जयंतीकडे शेळीचं दूध दिलं. असा शेजार उदगीरला असताना कधी मिळाला नाही.

नलिनीबाई कपडे वाळत घालता घालता बराच वेळ बघत होत्या. त्यात कोण राहणार, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, कुणी नाही, वारा. मग रिकामंच म्हणा की, असं म्हणून त्या खाली गेल्या.

२३ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. सकाळी वर गेलो तर खालच्या बशीत दहीभाताचा गोळा, त्यावर हळदकुंकू, आणि मुंग्यांची रांग थेट सेन्सरपर्यंत! नलिनीबाईंनी श्रीपतरावांवरून उतरवलेला उतारा. माणसं तो तिठ्यावर टाकतात, ओढ्यात टाकतात. ही बाई माझ्या यंत्रात ठेवते, आणि म्हणे मुलं शिकवली हिनं.

तसाच जाऊन फैलावर घेतलं. त्यांनी नाकारलंही नाही. ‘व्हय, मीच ठेवले. कामून एवढं चिडायलाव सर, मूठभर भात तर हाय,’ असं शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणानं तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जयंतीनं दंडाला धरून घरी आणलं.

मुंग्या चढू नयेत म्हणून पाइपला ग्रीस फासलं. बशांना बाहेरून जाळी बसवली.

२७ नोव्हेंबर

जाळी उचकटून पुन्हा भात. पुन्हा भांडण. भाडं वेळेवर देतो, छत वापरायचं ठरलं होतं, मग हा जुलूम कशाला?

त्यात आकडे बिघडलेत. दुपारी छत्तीस पूर्णांक आठ. नोव्हेंबरात! ऊन आत शिरत असणार. आणखी बशा चढवल्या, रंगाचा दुसरा हात दिला. आता त्या घरात उन्हाचा कवडसाही शिरत नाही. जयंती म्हणते, आपल्या खोलीचा पंखा दुरुस्त करायला सवड नाही आणि त्या बोटाएवढ्याला बंगला.

श्रीपतराव अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी रागात होतो, तरी बरं वाटलं.

१ डिसेंबर

सकाळपासून ढग आणि गार वारं. गुंडाप्पा घोंगडी पांघरून शेळ्या सोडायला आला. पडद्यावर मात्र बाहेरचं तापमान छत्तीस पूर्णांक आठ आणि दमटपणा सत्त्याण्णव.

दुसरा सेन्सर बशांच्या बाहेर टांगला तर एकोणीस. त्यांची अदलाबदल केली. आत गेलेला दुसराही छत्तीस पूर्णांक आठ.

म्हणजे सेन्सर खरं बोलतोय.

बशांच्या फटीत बोटं घातली. आत ऊब होती, ओल होती, आणि ती बोटांवर येत होती, थांबत होती, परत आत ओढली जात होती. मी हात काढून घेतला. भूगोलाचा माणूस भर दुपारी स्वतःच्या छतावर घाबरला, याचाच मला जास्त संताप आला.

श्रीपतराव आज किराणा दुकानापर्यंत चालत गेले. हर्षिता बाळाकडे गेली नाही. खोकते आहे.

४ डिसेंबर

हर्षिताला कलबुर्गीला दाखवून आणलं. छाती साफ आहे, म्हणतात. साफ असेल तर पोरीला तीन पायऱ्या चढवेनात कशा?

मोबाइलवर केंद्राचा आलेख उघडला. आकडा किंचित वर, किंचित खाली, वर, खाली. हर्षिता मांडीवर होती. तिचा श्वास वर, आलेख वर. खाली, खाली. ती खोकली तेव्हा रेघ तुटली.

छतावर गेलो आणि लाथेनं ते घर पाडलं. बशांचा चुरा केला, जाळला. काळ्या धुरात उभा राहून शिव्या दिल्या. कुणाला, ते कळत नव्हतं.

खाली आलो. पडद्यावर बाहेर अठरा.

घरात — छत्तीस पूर्णांक आठ.

६ डिसेंबर

पोर निळी पडते. भिंतीपलीकडे शांतता आहे. धाप आता आमच्या बाजूला.

नलिनीबाईंच्या दारावर लाथ मारली. त्यांनी सगळं सांगितलं, न रडता, डोळ्याला डोळा भिडवून. उघड्यावर टाकून बघिटलं, म्हणाल्या, तिठ्यावर, वढ्यात. फिरून घरातच यायलं. त्याला सावली लागती, वारं लागतंय, रिकामं घर लागतंय. तुमी तर बांधूनच दिलाव.

मी बांधलं. माझ्या हातांनी, रंगाचे दोन हात देऊन.

आमालाबी कुणीतरी दिलंच की, म्हणाल्या. लेकराला धरंल हे ठाऊक नव्हतं, म्हणाल्या. ठाऊक असतं तर ठेवलं नसतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, माझा नवरा होता सर. जयंतीला इचारा, ती काय करंल.

मी हात उगारला होता. श्रीपतराव मधे येऊन उभे राहिले, धडधाकट.

७ डिसेंबर

नव्या बशा आणल्या. घर पुन्हा बांधलं, पहिल्याहून सुबक. दहीभात हर्षितावरून उतरवला. तो आत ठेवून घर उचललं आणि गुंडाप्पाच्या दारी गेलो. होय, गेलो. माझी पोर आधी. जग गेलं खड्ड्यात.

गुंडाप्पाला वाटलं, हवामान सांगायचं यंत्र त्याला देतोय. लई उपकार झाले अण्णा, म्हणाला. अंबिकानं बाळ खाली ठेवून मला पाणी दिलं.

पाणी प्यायलो. घर घेऊन परत आलो. थू माझ्यावर.

८ डिसेंबर

उतारा कुणी खात नसतं. भिकारी शिवत नाही.

मी खाल्ला. हर्षिताच्या उशाशी बसून, सगळा, बोटं चाटून. ये म्हटलं. मला धर, आयतखाऊ. लेकरावर कसला जोर दाखवतोस.

रिकामं घर छताच्या कोपऱ्यात टाकलं.

९ डिसेंबर

हर्षिता धावते आहे! पायात चपला नाहीत. जयंती ओरडते आहे, हसते आहे.

मला लिहिताना — थांबावं लागतं.

जयंतीला सगळं सांगितलं. वाटलं, तिला अभिमान वाटेल. ती उठून हर्षिताच्या चपला शोधू लागली.

११ डिसेंबर

आडवं होता येत नाही. बसून. श्वास आत जातो तो — माझा नसतो.

श्रीपतराव भेटायला आले. पेढे घेऊन. माझ्यात बळ असतं तर —

१२

जयंती पायाशी बसली. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. डोक्यावरून, छातीवरून तीनदा काहीतरी फिरवलं. दह्याचा वास.

हात धरायला गेलो. हात —

१३

छतावर जयंती. मघापासून. खिडकीतून रंगाचा वास येतोय. पांढरा.

हर्षिता विचारते, आई ते बशांचं घर बाळाच्या घरावर का ठेवणार.

जाऊ नको म्हणावं — हर्षिता, आईला — गुंडाप्पाला हाक —

आवाज नाही. हे कुणी वाचेल तर अंबिकाला सांगा, बाळ घेऊन आधी —

जिन्यात पावलं. जयंती उतरते आहे. हातात —

जयंती, अगं, बाळ