जिना नंबर दोनची वीज कंपनी

४ मार्च
संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. वीज खात्याला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्या एकट्याकडे गेली की सगळीकडे? म्हटलं, ते शोधायचा पगार मला मिळतो का? त्यांनी फोन ठेवला.
बस्स. सरकारच्या हातात दिलेली कुठलीही गोष्ट अशीच चालणार. ज्याला मालक नाही त्याला वाली नाही. आता आपणच वीज कंपनी काढायची. खासगी. सध्या आपल्या जिन्यापुरती, पुढचं पुढे.
बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला योजना सांगितली. ती म्हणाली, आधी बाथरूममधला बल्ब बदला. दूरदृष्टी सगळ्यांनाच नसते.

७ मार्च
मेहुण्याकडून जनरेटर आणला. तो लाउडस्पीकर भाड्याने देतो, त्याच्या धंद्यातला हा जुना. त्याच्या मते जवळपास नवा. दोरी ओढली की सुरू होतो. म्हणजे, पुरेशी ओढली की. खांदा उतरलाय, पण मशीन दणकट आहे.
मागच्या अंगणात, पत्र्याखाली बसवला. नाव ठेवलं स्वयंप्रकाश पॉवर. पाटी रंगवून घेतली: 'खातं झोपतं, आम्ही जागतो.'

८ मार्च
ग्राहक जोडणी. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एका पायावर तयार. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणारी टेलरवहिनीही तयार. कोणाची वायर कोणती ते कळावं म्हणून तिने चिंध्यांमधून रंगीत फिती कापून दिल्या. डॉक्टरांना नारिंगी, तिला लाल.
अडला तो फक्त कॉम्रेड. कॉम्रेड म्हणजे सगळ्यात वर राहणारे रिटायर्ड मास्तर. म्हणाले, वीज सगळ्यांची असते. ती एकाच्या हातात गेली की तो आज उजेड विकेल, उद्या अंधार विकेल. खातं नीट चालत नसेल तर भांडून नीट चालवून घ्यावं. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही जन्मभर भांडलात, लाइट आली का? ते निरुत्तर होऊन आत गेले.
बायकोचं म्हणणं, निरुत्तर वगैरे काही नाही, त्यांच्या बायकोला दम्याची उबळ आली म्हणून गेले.

११ मार्च
ऐतिहासिक दिवस. सात वाजता लाइट गेली, सव्वासातला आमची आली. मधला वेळ दोरीत गेला. समोरच्या जिन्यातली माणसं काळोखात खिडकीला उभी राहून आमच्याकडे बघत होती. छाती भरून आली.
बायको म्हणाली, जनरेटरच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही. म्हटलं, दिसतो ना?

१५ मार्च
मागणी वाढतेय. डॉक्टरांचं ड्रिल आणि टेलरवहिनीची इस्त्री एकदम चालू झाली की इंजिन मान टाकतं. नियम काढला: ड्रिल चालू असताना इस्त्री बंद. वहिनीने विचारलं, त्यांचं गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक आणि माझं काय? तिला समजावलं की डॉक्टर जास्त दर देतात. हे मी ठरवत नाही, बाजार ठरवतो.
जेवताना बायकोने विचारलं, आपल्या जिन्यात बाजार म्हणजे नक्की कोण? काही प्रश्नांना उत्तर न देणंच बरं.

१८ मार्च
दुपारी दोन ते चार मेंटेनन्स जाहीर केला. नेमकी तेव्हाच लाइट गेली. डॉक्टरांनी बेल वाजवून वाजवून मेंटेनन्स मोडला. बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणायचं की टेक्निकल स्टाफ साइटवर आहे. तिने दार उघडून सांगितलं की टेक्निकल स्टाफ घोरतोय.
घरातच फितुरी असेल तर खासगी क्षेत्राने करायचं काय?
यापुढे तक्रारी फक्त लेखी घेणार.

२१ मार्च
लाइट गेलेली, जनरेटर चालू. वरून खोकल्याचा आवाज. थांबेना. कॉम्रेडच्या बायकोचं वाफेचं मशीन विजेवर चालतं. तो माणूस तत्त्व सोडणार नाही, तिला दमा सोडणार नाही. टेलरवहिनी नुसती जिन्यात उभी राहिली माझ्याकडे बघत.
गच्चीवरून त्यांच्या खिडकीत वायर सोडली. पांढरी फीत. कॉम्रेड खिडकीतच होते. त्यांनी प्लग लावला. लोड झेपेना, म्हणून आमच्या घरची लाइन काढली.
यात दयामाया काही नाही. याला फ्री ट्रायल म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या देतात.
खोकला थांबेपर्यंत आम्ही मेणबत्तीत बसलो. बायको एक शब्द बोलली नाही. तब्येत बरी नसावी.

२२ मार्च
कॉम्रेड सकाळीच पैसे घेऊन आले. म्हटलं, ट्रायल आहे. ते म्हणाले, म्हणजे उपकार. उपकारही नको, विकतही नको, ही गोष्ट हक्काची हवी. अर्धा तास जिन्यात वाद. शेवटी मी विचारलं, मग वायर काढून घेऊ का?
ते म्हणाले, नको.
वैचारिक विजय.

२६ मार्च
डिझेल महागलं, दर वाढवले. सगळे कुरकुरले, टेलरवहिनीने सरळ नकार दिला. धंद्यात हळवं होऊन चालत नाही. संध्याकाळी लाइट गेल्यावर अंगणात जाऊन तिची लाल वायर उपटली.
लाल आणि नारिंगी टॉर्चच्या उजेडात सारखेच दिसतात. ही फितींची चूक, माझी नाही. नेमके डॉक्टरांच्या खुर्चीवर सोसायटीचे सेक्रेटरी होते, ड्रिल दाढेत. ते तसेच गळ्यात कागदी रुमाल घेऊन वर आमच्या घरी आले. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे शब्द कळेनात. हातवारे मात्र बराच वेळ केले. माझ्या मते त्यांना सेवेबद्दल काही सुचवायचं होतं.

२८ मार्च
सोसायटीची तातडीची मीटिंग. सेक्रेटरींना आता स्पष्ट बोलता येतं. ठराव: अंगण सगळ्यांचं, सबब जनरेटर सोसायटीने ताब्यात घ्यावा, मूळ किंमत मला द्यावी आणि कारभार पाच जणांच्या समितीने बघावा.
मी उठून भाषण केलं. उद्योजकाचा गळा घोटताय म्हणालो. जाईन तिथे दिवा लावीन म्हणालो. कोणीतरी हसलं.
मग कॉम्रेड उठले. वाटलं, आता हा मीठ चोळणार. ते म्हणाले, "यांनी स्वतः अंधारात बसून माझ्या घरी लाइन दिली. मी ते विसरणार नाही. पण माझ्या बायकोचा श्वास यांच्या चांगुलपणावर चालू राहावा, हे मला मान्य नाही. उद्या यांचा डोळा लागला तर?"
सगळे हात वर गेले. मी वळून बायकोकडे पाहिलं. तिचाही हात वर होता.
घरी आल्यावर जाब विचारला. ती म्हणाली, "अहो, ते तुम्हाला चांगला म्हणाले, तेवढं ऐकलंत ना?"
चांगला म्हणून घ्यायला कंपनी काढली नव्हती. कोर्टात जाणार.

२९ मार्च
वकिलाला फोन केला. तो समोरच्या जिन्यात राहतो. त्याने विचारलं, ही समिती आमच्याही जिन्याला लाइन देईल का?
लढा एकट्यालाच लढावा लागतो.

२ एप्रिल
सार्वजनिक कारभाराचा पहिला दिवस. लाइट गेली. समिती अंगणात जमली. मी खिडकीत हाताची घडी घालून उभा. म्हटलं, बघू आता.
दोरी कोणी ओढायची यावर चर्चा. डॉक्टर म्हणाले, हात हेच माझं हत्यार. सेक्रेटरींची कंबर. टेलरवहिनीने ओढली, एक ठिणगी नाही. मग कॉम्रेडनी धोतर... नव्हे, पॅन्ट सावरून ओढली आणि धापा टाकत भिंतीला टेकले. सरकारी काम! मी खदखदून हसणार होतो.
इतक्यात वरून खोकला सुरू झाला.
खाली गेलो. फक्त टेक्निक दाखवायला.

५ एप्रिल
समितीचं पत्र. माझी एकमताने मानद तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक. शेवटी यावं लागलं ना माझ्याकडे? कामाचं स्वरूप: जनरेटर चालू करणे, बंद करणे, डिझेल भरणे, ऑइल बघणे. दुपारचा मेंटेनन्स रद्द. मानद म्हणजे मोबदला नाही.
माझ्या अटींवर पद स्वीकारलं. अट एकच: सल्लागार सल्ला देतो, राबत नाही. सुरुवातीलाच ताठ राहिलं पाहिजे.

५ एप्रिल, संध्याकाळ
लाइट गेली. जागचा हललो नाही. बायकोला म्हटलं, ज्याची तक्रार असेल त्याने समितीकडे लेखी द्यावी.
ती खिडकीतून खाली बघून म्हणाली, "समितीच उभी आहे अंगणात. तुमची वाट बघतेय."
चप्पल शोधून खाली गेलो. पहिल्याच ओढीत सुरू झाला. सगळे आपापल्या घरी गेले.