वन्संचा पांढरा उंदीर

वन्सं,

तुमच्या पांढऱ्या उंदराचा पिंजरा मी फिनेलनं धुतला आणि वास येतो म्हणून सगळा कापूस फेकून दिला. थोडा जुना ठेवायचा, नाहीतर त्याला घर परकं वाटतं, असं तुम्ही बजावलं होतंत. मी रागात होते, ऐकलं नाही. गज चावून चावून त्याचे ओठ रक्ताळले. मग उकिरड्यावरून त्याचा कापूस शोधून आणला, आत ठेवला, वर फडकं टाकलं. आता निजलाय, हलवू नका.

काल मी विचारलं, 'माहेरी किती दिवस राहणार?' जीभ झडायला हवी होती माझी. तुम्ही फळीवरची लुगडी काढून परत ट्रंकेत भरलीत. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून दुर्गाडीला देवीपाशी जाऊन बसते. सासरची गाडी पकडू नका. मला न्यायला या.

हौसा